उणे सहासष्ट फूट

पावसाळ्यात आमच्याकडं माणूस माणसाला भेटला की तब्येत विचारत नाही, "किती झालं?" एवढंच विचारतो. मग समोरच्यानं राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पाण्याचा आकडा सांगायचा, फूट आणि इंचासकट. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरातल्या चौथीतल्या पोरालासुद्धा पाठ असतं, पाढे नसले तरी. तर यंदा आकडा ३८ च्या पुढं सरकल्यावर चिखलीच्या माझ्या बहिणीनं वाट बघितली नाही. २०१९ ला ती लोकं माळ्यावर अडकून पडली होती, तेव्हापासून तिचा पंचगंगेवर काडीचा विश्वास नाही. म्हशी सोनतळीला, म्हशींबरोबर भावजी, आणि दहावीतली भाची दप्तरासकट आमच्याकडं मंगळवार पेठेत.

आली ती भिजून, चहा घेतला, आणि सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसून मोठ्यानं म्हणायला लागली. मायनस बी, प्लस मायनस, रूट बी स्क्वेअर मायनस फोर एसी, अपॉन टू ए. परत मायनस बी. माझा म्हातारा, म्हणजे अण्णा, कॉटवर पडून होता. त्यानं डोळे न उघडता विचारलं, "कुठल्या देवाचं म्हनं हे?"

गणित भाग एक, दुसरं प्रकरण, वर्गसमीकरणे. उदाहरणं सोडवून झाली होती. "मामा, मी सगळी केलो," म्हणाली. (आमच्याकडं पोरीबी मी केलो, मी जेवलो, मी आलो असंच म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं, येऊ दे.) वही बघितली तर खरंच सगळी बरोबर. प्रत्येक ठिकाणी दोन उत्तरं, आणि जिथं लांबी-रुंदी-वय असलं काही आहे तिथं मायनसवालं उत्तर तिरकी रेघ मारून उडवलेलं, बाजूला लिहिलेलं, परंतु रुंदी ऋण नसते.

ते वाक्य वाचलं आणि माझे कान गरम झाले. तीस वर्षांनी.

त्याचं असं झालं की आम्हाला दहावीला जे सर बीजगणित शिकवायचे त्यांनी हे सूत्र आमच्याकडनं आरतीसारखं म्हणून घेतलं होतं, टाळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. कुठनं आलं, का आलं, काही नाही. मी एकदा विचारलं, सर, हे खाली टू ए का असतं, तर म्हणाले परीक्षेत येत नाही ते विचारू नको. बरं, नाही विचारलं. मग चाचणीत गणित आलं, एका शेताची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटरनं जास्त, क्षेत्रफळ ६० चौरस मीटर, रुंदी काढा. मी सूत्र घातलं, ५ आलं आणि उणे १२ आलं, आणि मी दोन्ही लिहून मोकळा झालो. सूत्रानं दिली, मी लिहिली, माझं काय चुकलं? सरांनी पेपर वर्गात वाचून दाखवला. "ह्याच्या शेताची रुंदी उणे बारा मीटर. म्हणजे शेत न्हाई, खड्डा हाय." वर्ग फुटला. दहावी संपेपर्यंत माझं नाव खड्डा. अजूनही पेठेतला एकजण मला लग्नात बिग्नात भेटला की खड्ड्या म्हणून हाक मारतो, बायकोला कारण माहीत नाही, मी सांगितलेलं नाही.

आता ह्या पोरीला सूत्र पाठ आहे, मार्क पडणार आहेत, मला त्यात नाक खुपसायची गरज नव्हती. पण बाहेर पाऊस, लाईट गेलेली, टीव्ही बंद. म्हटलं चल, तुला एक आपल्यातलं गणित घालतो. भावजी गेली दोन वर्षं उंचावर दोन गुंठं बघत फिरतायत, घर वर न्यायचं म्हणून. तर समज, दोन गुंठ्याचा प्लॉट आहे, आणि लांबी रुंदीपेक्षा ३३ फूट जास्त आहे. रुंदी किती?

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो, आमच्याकडं जमीन गुंठ्यात चालते, एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे ४० झाले की एक एकर. म्हणजे दोन गुंठं २१७८.

पोरीनं पेन उघडायच्या आधी कॉटवरनं आवाज आला, "तेहतीस सहासष्ट."

अण्णा गवंडी. आयुष्य ओळंबा, गुण्या आणि लाईनदोरीत गेलं. शाळा चौथी. काटकोन काढायला तीन-चार-पाचची दोरी लावायचा आणि त्याला पायथागोरस कोण हे आजतागायत माहीत नाही, आणि पायथागोरसचंही त्यावाचून काही अडलं नाही. दोन गुंठं शेजारी शेजारी ठेवले की ३३ बाय ६६ होणार हे त्याला दिसतंच, त्याला सूत्र कशाला.

"आज्जा, तुम्ही गप बसा, मला सोडवू द्या." तिनं सोडवलं. रुंदी एक्स (अण्णाच्या काळात तो क्ष होता, मी तोच वापरतो), लांबी क्ष अधिक ३३, गुणाकार २१७८. म्हणजे क्षचा वर्ग, अधिक ३३ क्ष, वजा २१७८, बरोबर शून्य. (क्षच्या वर्गाशेजारचा आकडा ए, इथं १. नुसत्या क्षशेजारचा बी, इथं ३३. सुटा राहिलेला सी, इथं उणे २१७८.) रूटच्या आत ३३ चा वर्ग १०८९, अधिक चार गुणिले २१७८ म्हणजे ८७१२, बेरीज ९८०१. वर्गमूळ ९९. मग उणे ३३ अधिक ९९ भागिले दोन, ३३. आणि उणे ३३ वजा ९९ भागिले दोन, उणे ६६. आणि लगेच उणे ६६ वर तिरकी रेघ.

"काय खोडलीस?" अण्णा.

"उणे सहासष्ट आलं, आज्जा. रुंदी उणे नसत्या."

"सहासष्ट? आगं मग ती लांबी की."

मी हसलो. मग हसायचं थांबलो. कारण हे बरोबर होतं. लांबी ६६ आहे. आम्ही लांबी विचारलीच नव्हती, रुंदी विचारली होती, आणि सूत्रानं रुंदी दिली ती दिलीच, वर लांबी पण आणून ठेवली, फक्त तोंड उलटं करून. योगायोग असेल म्हणून मी कागद ओढला आणि माझा खड्डा काढला. रुंदी ५, मूळ दुसरं उणे १२, आणि शेताची लांबी किती? ५ अधिक ७. बारा.

तीस वर्षं तो खड्डा नव्हताच, ते माझ्याच शेताचं दुसरं अंग होतं.

का होतं असं हे बघायला मग काही लागत नाही. क्षच्या जागी उणे ६६ ठेव, लांबीच्या जागी उणे ६६ अधिक ३३, म्हणजे उणे ३३ येतं. उणे ६६ गुणिले उणे ३३, परत २१७८. समीकरणाला काय माहीत आपण प्लॉटबद्दल बोलतोय? त्याला सांगितलंय की दोन आकडे शोध, एक दुसऱ्यापेक्षा ३३ नं मोठा, गुणाकार एवढा. त्यानं शोधले, दोन्ही जोड्या. ३३ आणि ६६, उणे ६६ आणि उणे ३३. उण्याच्या बाजूला मोठा कोण ते उलटतं, म्हणून लांबी रुंदीच्या खुर्चीवर येऊन बसते. एवढंच आहे ते. आणि क्ष लांबी धरलीस तर? तिनं करून बघितलं. ६६ आणि उणे ३३. "आयला," म्हणाली, "आता रुंदी खोडली जात्या."

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं, जेवायची वेळ झाली होती. पण मला ते जुनं टू ए आठवलं, आणि मी तिला सूत्र येतं कुठनं ते दाखवायला बसलो. हे मी शाळेत शिकलो नाही, खूप नंतर वाचलं. पाठ्यपुस्तकात पूर्ण वर्ग पद्धत आहे, चांगली आहे, पण त्यात पहिल्याच पायरीला अर्धा, पाव असले अपूर्णांक घुसतात आणि पोरं तिथंच गळपटतात. आपल्याकडची जुनी रीत जास्त स्वच्छ आहे. श्रीधर नावाचे आचार्य होते, त्यांचं बीजगणिताचं पुस्तक आज मिळत नाही, पण भास्कराचार्यांनी ११५० साली आपलं लिहिताना त्यांचं नाव घेऊन नियम दिला म्हणून तो आपल्यापर्यंत आला. (भास्कराचार्यांचा जन्म १११४, म्हणजे तेव्हा ते ३६ वर्षांचे. मी ३६ व्या वर्षी पतसंस्थेत व्हाउचर चिकटवत होतो.) नियम असा, की क्षच्या वर्गाशेजारी जो आकडा असेल त्याच्या चौपटीनं दोन्ही बाजू गुणा, मग नुसत्या क्षशेजारच्या आकड्याचा वर्ग दोन्हीकडं मिळवा, आणि मग मूळ काढा.

आपल्या प्लॉटवर लावू. क्षचा वर्ग एकटाच आहे, म्हणून नुसतं चौपट. डावीकडं चार क्षवर्ग अधिक १३२ क्ष, उजवीकडं ८७१२. आता ३३ चा वर्ग, १०८९, दोन्हीकडं. डावीकडं होतं दोन क्ष अधिक ३३ ह्याचा पूर्ण वर्ग, कुठंही अर्धा नाही पाव नाही. उजवीकडं ९८०१.

भाचीनं विचारलं, "पण चौपट का? तिप्पट का न्हाई?"

मी म्हटलं, त्यानं अपूर्णांक येत नाहीत. तिला पटलं नाही, मलाही ते उत्तर जरा सरांसारखंच वाटलं.

"किती झालं म्हनलास?" अण्णा उठून बसला होता. "दोन गुंठ्याचं चौपट आठ गुंठं. त्यात एक गुंठा घातलास. नऊ गुंठं. नऊ गुंठं म्हंजे नव्व्यान्नव बाय नव्व्यान्नव, चौरस." मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "चार सोपं नि मधी चौक. वाडा बांधालाइसा की रं."

मला कळलं नाही. खरं सांगतो, मला कळलं नाही, आणि पोरीला तर अजिबात नाही. तर हा ७८ वर्षांचा माणूस चप्पल घालून पावसात अंगणात गेला, पाण्याच्या टाकीखालच्या चार विटा काढल्या आणि मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात फरशीशेजारच्या मातीत मांडल्या. पहिली आडवी. दुसरी तिच्या टोकाला उभी. तिसरी परत आडवी, चौथी परत उभी, एकमेकीच्या शेपटीमागनं फिरवत नेल्यासारख्या. बाहेरनं बघितलं तर पक्का चौरस, आणि मधोमध चौकोनी भोक. "ह्यो चौक," म्हणाला.

तेव्हा दिसलं. एक वीट म्हणजे एक प्लॉट. चार प्लॉट चौकाभोवती लावले. बाहेरची बाजू म्हणजे एक लांबी आणि एक रुंदी. मधला चौक म्हणजे लांबीतनं रुंदी वजा, म्हणजे आपले ते जादा ३३. चार प्लॉट आणि चौक मिळून सगळा वाडा. चौपट का, तर वाड्याला चार बाजू असतात म्हणून! बी स्क्वेअर म्हणजे चौक, फोर एसी म्हणजे चार सोपे, आणि त्यांच्या बेरजेचं मूळ म्हणजे वाड्याची एक बाजू, ९९ फूट. (सूत्रात मायनस फोर एसी आहे, पण आपला सी स्वतःच उणे २१७८, म्हणून मायनस मायनस प्लस. पोरांचे निम्मे मार्क इथंच जातात.)

मग मी उड्याच मारायला लागलो. आता ९९ मधनं चौकाचे ३३ काढ. उरले ६६. ते दोन्हीकडच्या दोन सोप्यांत वाट. ३३. हेच सूत्र! मायनस बी म्हणजे चौक काढणं, अपॉन टू म्हणजे दोन सोप्यांत वाटणं. क्षच्या वर्गाशेजारी एक सोडून दुसरा आकडा असला तर त्या टू ला तो ए येऊन चिकटतो. माझ्या टू ए ला उत्तर मिळायला अंगणात पावसात उभं राहावं लागलं आणि ते दिलं चौथी पास माणसानं, त्याला तर वाटत होतं आपण वाडा बांधतोय.

पोरगी विटांवर पट्टी घेऊन वाकली. वीट नऊ इंची, चार इंच रुंद. "बाहेरनं नऊ नि चार तेरा. चौक नऊ वजा चार पाच." पुटपुटत होती. "चार विटा छत्तीस चोक एकशे चव्वेचाळीस. चौक पंचवीस. एकशे एकोणसत्तर. तेराचा वर्ग. नाद खुळा!"

"विटा भिजत्यात," अण्णा म्हणाला, आणि आत गेला. विटा मात्र तिथंच राहिल्या.

जेवताना मी भास्कराचार्यांची माकडं सांगितली, ती मला कधीची आवडतात. एका कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी माकडं वनात खेळतायत, आणि उरलेली १२ टेकडीवर ओरडतायत, एकूण किती? उत्तरं दोन येतात, १६ आणि ४८. दोन्ही चालतात, करून बघा. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२. ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२. भास्कराचार्यांनी दोन्ही ठेवली. मग दुसरा कळप, पाचव्या भागातनं तीन वजा करून वर्ग केला तेवढी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय. इथं ५० येतं आणि ५ येतं. दोन्ही धन, कुणी उणं नाही. तरी त्यांनी ५ टाकून दिलं. कारण पाचाचा पाचवा भाग एक, त्यातनं तीन गेले, उणे दोन माकडं, आणि असलं लोकांना पटत नाही, अशा अर्थाचं ते म्हणतात. म्हणजे ज्या माणसाला गणितात उण्याची भीती नव्हती त्यानं सुद्धा लोकांसाठी खोडलं. पण आधी ते काढलं, बघितलं, का नको ते सांगितलं, आणि मग. आम्हाला बघायची सोयच नव्हती. त्याच्याही आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्तांनी ही समीकरणं सोडवायची रीत देऊन ठेवलीय. आणि गंमत म्हणजे ब्राझीलमधली पोरं ह्या सूत्राला भास्कराचं सूत्र म्हणतात. वर्ल्डकपला ज्या ब्राझीलचे झेंडे आमच्या गल्लीबोळात लागतात, पेठापेठांत मारामारी व्हायची वेळ येते, तिथल्या शाळेत भास्कर, आणि आमच्या शाळेत नुसतं मायनस बी.

फुटबॉलचा विषय निघाल्यावर भाची सोडणार थोडीच, ती शाळेच्या टीममध्ये गोलकीपर आहे. मग फुटबॉलचं पण झालं. कीपरनं हातातला बॉल एक मीटर उंचीवरनं लाथेनं वर उडवला, वरच्या दिशेनं सेकंदाला १४ मीटर, गुरुत्वाचे ढोबळ १० धरले, तर उंची म्हणजे एक, अधिक १४ टी, वजा पाच टीवर्ग, टी म्हणजे लाथेनंतरचे सेकंद. जमिनीवर कधी पडेल म्हणजे ही उंची शून्य कधी होईल, म्हणून तर त्याला शून्यं म्हणतात. अंदाजे २.८७ सेकंद. आणि दुसरं शून्य उणे ०.०७. लाथ मारायच्या आधी!

"ते खोडायचं का?" आता ती विचारायला लागली होती.

ते म्हणजे, हाच बॉल ह्याच वाटेनं जमिनीवरनंच निघाला असता तर लाथेच्या आधी ०.०७ सेकंदाला निघाला असता. निघाला नाही, कारण तो हातात होता. पण वक्राला हात माहीत नाही. दोन्ही शून्यांचा बरोबर मध्य १.४ सेकंद, तिथं बॉल सगळ्यात वर, १०.८ मीटर. मैदानावर १२ मीटरवर पताकेची दोरी बांधली असती तर बॉल तिला लागला असता का? बारा ठेवून बघितलं की रूटच्या आत १९६ वजा २२० येतं, उणे २४. मूळ नाही, म्हणजे लागत नाही, विषय संपला, सूत्र पुढं सोडवायची गरजच नाही. दोरी बरोबर १०.८ वर असेल तर आत शून्य, एकदाच स्पर्श करून खाली. त्याच्या खाली पण लाथेच्या एक मीटरच्या वर कुठंही असेल तर दोनदा, जाताना आणि येताना. पुस्तकात ह्या आतल्या आकड्याला विवेचक म्हणतात. "नाव लई भारी हाय," ती म्हणाली. मला वाटतं हे सूत्रातलं सगळ्यात कामाचं पोट आहे, आणि त्यावर पेपरात फक्त मुळांचे स्वरूप लिहा एवढंच येतं, पण ते राहू दे, त्यावर बोलायला लागलो तर रात्र जाईल.

झोपायच्या आधी तिची वही उघडी दिसली. उणे ६६ खोडलेलं तसंच होतं, परंतु रुंदी ऋण नसते हे वाक्य पण तसंच, मार्कांचा विषय आहे, मी काही बोललो नाही. फक्त खोडलेल्याच्या डोक्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, लांबी.

सकाळी उठलो तर पाऊस तसाच. अण्णा दारात छत्री घेऊन उभा, अंगणाकडं बघत. विटा रात्रभर मातीत रुतून बसल्या होत्या आणि मधल्या चौकात पाणी तुंबलं होतं.

"चौकाला मोरी ठिवाय पायजे हुती," म्हणाला. "माझीच चूक."

शेजारचे काका गेटवरनं जाता जाता ओरडले, "किती झालं?"

मी खिशातला मोबाईल काढेपर्यंत भाची पट्टी घेऊन विटांजवळ पोचली होती. "पाऊण इंच!" म्हणून तिनं मोठ्यानं सांगितलं, आणि काका बिचारे छत्रीखाली थांबून विचार करत राहिले, वाढलं म्हणायचं की उतरलं.